न सापडलेल्या नथीबाबत

नथ सापडली.

आता हे वाक्य वाचलंत तसं विसरून जा. आमच्या घरात ठरलंय की नथ सापडलेली नाही. आईने तशी देवासमोर शपथ घेतलीय, आणि शपथ खोटी असल्यामुळे देवाला आधीच नारळ कबूल केलाय. तेव्हा नथ हरवलेली आहे, चोर मोकाट आहे आणि मी काही बोललेलो नाही, इथून सुरुवात करू.

नथ आजीची. द्रौपदी आजी म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, आई, राहते देवगडच्या पुढे. माझ्या बहिणीचं, अनुपमाताईचं, लग्न ठरलं तेव्हा आजीने ठरवलं की आपली मोत्यांची नथ नातीच्या नाकात जायची. त्याच आठवड्यात गावचा धाकू जोगेश्वरीला त्याच्या भावाकडे यायचा होता. शहाण्या माणसाने नथ धाकूच्या हातात दिली असती. पण आजीचा धाकूवर विश्वास नव्हता. म्हणून तिने नथ पार्सलाने पाठवली, आणि पार्सलात नथ आहे हा निरोप धाकूबरोबर पाठवला.

पार्सल आधी पोचलं. आमचा पोस्टमन कुंडलिक ते खांद्यावर घेऊन आला. पांढऱ्या कापडात शिवलेलं, शिवणीवर लाखेची सीलं आणि सगळ्याला कुळथाच्या पिठाचा वास.

"वहिनी, गाव आलं तुमचं," तो म्हणाला. "सही करा, नायतर मीच खाईन."

आत कोकमं होती, कुळथाचं पीठ होतं, आणि मीठ घालून वळलेले चिंचेचे गोळे होते, क्रिकेटच्या चेंडूएवढे. गावाहून काही आलं की आमच्या चाळीत ते दारोदार वाटायचं असतं. न वाटता खाल्लं तर पचत नाही, असं आई म्हणते. खरं म्हणजे न वाटता खाल्लं तर शेजारच्या शांताबाईंना पचत नाही. आईने त्याच दुपारी वाटीतून एकेक गोळा चाळीभर पोचवला. पहिला मात्र दारातच कुंडलिकला दिला. आणणाऱ्याचा मान पहिला.

दोन दिवसांनी धाकू आला. चहा पिऊन झाला, दुसरा पिऊन झाला, मग म्हणाला, "आणि नथ बरी पोचली मां?"

"कोणती नथ?" आईने विचारलं.

"पार्सलातली."

"पार्सलात कुठे?"

"ता माका नाय सांगल्यान. माझ्यार भरवसो नाय म्हणता म्हातारी."

आमचे दादा, जयवंतराव, गिरणीच्या संपानंतर मरोळला एका फण्यांच्या कारखान्यात गेटवर लागले होते. सुटताना कामगारांची झडती घ्यायची, डबे उघडून बघायचे, हे त्यांचं काम. ते घरीही कामावरच असायचे. पाहुणा उठला की त्यांची नजर आपोआप त्याच्या खिशांवरून फिरायची. धाकूच्या खिशांवरून ती तीनदा फिरली. मग त्यांनी पार्सलाचं कापड मागितलं, खिडकीत उजेडाला धरलं आणि म्हणाले, "हे बघा."

शिवण पांढऱ्या दोऱ्याची होती. एका कोपऱ्यात ती अचानक काळ्या दोऱ्याची झाली होती.

"उघडलंय आणि परत शिवलंय. ज्याने शिवलं त्याच्याकडे पांढरा दोरा नव्हता." मग थोडं थांबून, "कुंडलिकच्या शर्टाचं बटण बघितलंय कोणी? कुठल्या दोऱ्याने लावलंय?"

कोणीच बघितलं नव्हतं. हाही दादांना पुरावा वाटला.

मी तेव्हा बी.कॉम.ला तिसऱ्यांदा बसायच्या आधी टायपिंगच्या क्लासला जात होतो. दादांनी मला 'टायपिस्ट' अशी हाक मारायला सुरुवात केली होती, आणि त्यात कौतुक नव्हतं. तक्रार मी टाइप केली. त्याआधी दादांनी घराची रीतसर झडती घेतली. सगळे डबे चटईवर पालथे झाले. कोकमं एकेक करून मोजल्यासारखी बघितली, पीठ दोनदा चाळलं, आमच्या वाट्याचे चिंचेचे गोळे मात्र 'चिंच' म्हणून बाजूला ठेवले. शांताबाईंना पंच म्हणून बसवलं होतं. 'नथ घरात नाही' या कागदावर त्यांनी इतकी मोठी सही केली की खाली तारखेला जागा उरली नाही.

पोस्टातल्या साहेबांनी सगळं वाचून घेतलं. "पार्सलात सोनं असल्याचं जाहीर केलं नव्हतं. म्हणजे आमच्या लेखी नथ नव्हतीच. भरपाई मिळणार नाही."

"नव्हतीच तर मग चोरी कसली?" मी विचारलं.

"नथीची नोंद नाही. तक्रारीची नोंद आहे. चौकशी तक्रारीची होते."

अशा रीतीने नसलेल्या नथीसाठी असलेल्या कुंडलिकला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. नथ त्याच्याकडे निघाली तर नोकरी जाणार, हे साहेबांनी दादांना खास आवाज खाली आणून सांगितलं. दादा खूश होऊन घरी आले.

नवा पोस्टमन आला. त्याने आमची पत्रं शांताबाईंकडे टाकली आणि शांताबाईंची आमच्याकडे. आई म्हणाली, "कुंडलिक असं नसता करत." दादा म्हणाले, "पत्ते पाठ असणारा माणूसच धोक्याचा."

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा आजी आली. गाठोडं खाली ठेवायच्या आधी विचारलं, "नथ खंय आसा?"

"आई, ती चोरीला गेली," दादा म्हणाले. "पार्सल फोडलं. काळ्या दोऱ्याने परत शिवलं."

"काळो दोरो माझो. पांढरो संपलो."

ताई हळूच म्हणाली, "आजी, मग नथ होती कुठे?"

"खंय म्हणजे? चिंचेत! सोना असा कोण उघड्यार धाडता? पोस्टातले काय देव आसत? मेणकापडात गुंडाळलंय, गोळ्यात घातलंय, वर मीठ." ती आईकडे वळली. "गोळे फोडलास मां?"

आईने आमच्याकडचे गोळे फोडले. त्यात चिंच होती.

"बाकीचे?"

"वाटले," आई म्हणाली, आणि पाटावर बसली.

दिलेली वस्तू परत मागायची कशी, याला आमच्या चाळीत काही रीत नाही, कारण तसं आजवर कोणी केलेलंच नाही. आईने मला सोबत घेतलं आणि शांताबाईंच्या दारात उभी राहिली.

"शांताबाई, ती चिंच जरा परत मिळेल का?"

"का हो?"

"ती... खराब आहे."

"खराब? मग तुम्ही खराब चिंच वाटलीत?"

"खराब म्हणजे, औषधी आहे."

शांताबाईंनी दार अर्धं लोटलं. "रुक्मिणीबाई, चिंचेच्या वाटीतून मी तुम्हाला साखर घालून दिली होती. आधी माझी साखर आणा."

आम्ही साखर आणायला घरी पोचेपर्यंत शांताबाईंच्या घरातून वरवंट्याचा आवाज येऊ लागला. मग त्यांच्या पलीकडच्या घरातून. संध्याकाळपर्यंत अख्खी चाळ चिंच फोडत होती. काय शोधतोय ते कोणालाच माहीत नव्हतं, पण शोधतोय हे सगळ्यांनी एकमेकांपासून लपवलं. ज्यांची चिंच संपली होती त्यांचे हाल जास्त झाले. दादा जिन्यात उभे राहून विचारत होते, "एवढ्या दिवसांत आख्खा गोळा? आमटी केलीत की आंघोळ?"

नथ मिळाली नाही. आणि मग आईला तो पहिला गोळा आठवला, दारात दिलेला.

दादांना न सांगता मी निघालो. कुंडलिक मरोळला एका बैठ्या चाळीत राहायचा. तो खाटेवर बसून शर्टाला बटण लावत होता, पांढऱ्या दोऱ्याने. मला बघून उठला. त्याची बायको सुंदराबाई उठली नाही.

"कशाला आलास रं? घर बघायला? बघ. झाडून ठेवलंय तुझ्या बापासाठी."

"काकी, आईने चिंचेचा गोळा दिला होता..."

"हाय की." तिने फळीवर बोट दाखवलं. गोळा तसाच होता, वर्तमानपत्रावर, घरच्या देवाला ठेवावा तसा मधोमध. "तुमच्या घरचं काय पोटात घालणार न्हाई आम्ही. तुझ्या बापाच्या टाळक्यात घालायला ठिवलाय."

"फोडू का?"

"टाळकं?"

"गोळा."

कुंडलिकने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं. त्यानेच गोळा खाली घेतला आणि खलबत्त्यात ठेवला. दुसऱ्या घावाला मेणकापडाची पुरचुंडी बाहेर आली. मोत्यांना किंचित चहाचा रंग चढला होता. बाकी नथ झकास होती.

मी मोठ्याने हसलो. एकट्याने हसलो.

कुंडलिक भिंतीला टेकून बसला. "कालच साहेबाला लिहून दिलं," तो म्हणाला, "माझ्या घरात नथ निघाली तर मी चोर. खाली सही केली." त्याने नथीकडे अशी नजर टाकली जशी माणूस स्वतःच्या घरात शिरलेल्या सापाकडे टाकतो. "आता मी चोर झालो ना रे?"

सुंदराबाईने उठून दार लावलं.

घरी मी सगळ्यांसमोर नथ ताटात ठेवली आणि सांगितलं. दादा उडालेच. "बघा! मी म्हटलं नव्हतं? त्याच्याच घरात!"

"तुझ्या बायलेन दिल्यान म्हणान," आजी म्हणाली.

"तरी पण त्याच्याच..." दादा थांबले.

कारखान्याच्या गेटवर डब्यात फणी सापडली की कामगार कायमचा घरी जातो. फणी डब्यात कोणी ठेवली, ते गेटवर विचारत नाहीत. हे दादांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते रोज तेच करत. ताटातली नथ त्यांनी उचलली नाही. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले, जणू त्या हातांचीच झडती घ्यायची राहिली होती.

"टायपिस्ट," ते शेवटी म्हणाले, "चप्पल घाल."

पोस्टात दादांनी आयुष्यातलं पहिलं खोटं बोलून बघितलं. सराव नव्हता.

"साहेब, समजा, नथ आमच्या घरातच सापडली."

"समजा का?"

"समजा नको. सापडली. डब्यात."

साहेबांनी आमचाच कागद पुढे ओढला. "सगळे डबे पालथे करून पाहिले, नथ नाही. पंच, शांताबाई. सही बघा केवढी आहे. मग ती मागाहून डब्यात आली. कोणी आणून ठेवली? म्हणजे कुंडलिक घाबरला. म्हणजे होती त्याच्याकडेच." ते पेन शोधू लागले. "हे लिहून देता?"

"नाही, नाही. सापडलीच नाही."

"मग चौकशी चालू राहील."

"आणि तक्रारच मागे घेतली तर?"

"कारण?"

"कारण नाही."

"कारण न देता तक्रार मागे घेतली म्हणजे कुंडलिकने दबाव आणला. त्याची वेगळी चौकशी लागेल."

साहेब वाईट नव्हते. फक्त सगळ्या वाटा त्यांच्या टेबलावरून कुंडलिकच्या घरी जात होत्या. दादांनी जाता जाता त्यांना लग्नाची पत्रिका दिली, मन वळेल म्हणून. ही दादांची चूक.

कारण साहेब आले. श्रीखंड दोनदा घेतलं आणि मग स्टेजवर जाऊन ताईच्या नाकाकडे बघत उभे राहिले. आईने आधीच ताईला बजावलं होतं की फोटोत रुमाल नाकाशी धरायचा. त्यामुळे आमच्या अख्ख्या अल्बममध्ये नवरी सर्दी झाल्यासारखी दिसते.

"ही नथ?" साहेबांनी विचारलं.

"दुसरी," दादा म्हणाले.

"पहिली कशी होती?"

"अशीच."

पंगतीत शेवटी कुंडलिक आणि सुंदराबाई बसले होते. दादांनी स्वतः घरी जाऊन बोलावलं होतं. दारात काय बोलले ते मला माहीत नाही. सुंदराबाईने गोळ्याचा उरलेला अर्धा भाग त्यांच्या हातात ठेवला, एवढं आईला कळलं. दादा त्यांना वाढत होते, आणि साहेब ते बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'दबाव' हा शब्द मला स्पष्ट वाचता येत होता.

त्या रात्री दादा म्हणाले, "लिही." मी विचारलं, काय. ते म्हणाले, "ते तू शिकलायस ना? असं लिही की खरं पण नको आणि खोटं पण नको." क्लासमधल्या सरांना विचारून मी पुढील मजकूर तयार केला. तीन प्रती काढल्या. एक पोस्टात दिली, एक घरी आहे, आणि तिसरी कुंडलिकने फळीवर ठेवलीय, चिंचेच्या जागी.

मा. साहेब यांचे सेवेशी,

विषय : न सापडलेल्या नथीची चौकशी बंद करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर नथ सापडलेली नसून ती हरवलेलीही नाही, असे आपल्या कार्यालयाने मान्य करावे. ती कोठे नव्हती याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून, कोठे होती हे विचारण्यात येऊ नये. पार्सल फोडणारा काळा दोरा अर्जदाराच्या मातोश्रींचा असल्याने त्याच्याविरुद्ध कारवाई करू नये. शांताबाई यांची सही आकाराने लहान समजण्यात यावी. श्री. कुंडलिक यांना त्यांची पिशवी, त्यांची वाट व त्यांस पाठ असलेले आमच्या चाळीचे सर्व पत्ते यांसह पूर्ववत कामावर घ्यावे, आणि मधल्या काळात ते घरी बसले होते ही गोष्ट घडलीच नाही, असा दाखला अर्जदाराच्या खर्चाने, लाखेचे सील लावून, त्यांच्याच हस्ते त्यांना पोचवावा.

कळावे,
आपला विश्वासू (हा शब्द खोडू नये),
जयवंत