आठ महिन्यांचा जुना आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, असं आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणतात. साफ खोटं आहे ते! मी जेमतेम आठ महिन्यांचा आहे.

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. तनुजाने मला आणलं ते तिच्या सासूबाईंसाठी, शालूताईंसाठी. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू अचानक लुळी पडली होती. चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायचा, म्हणून त्या चारचौघांत काही घेत नसत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या अक्षताने त्यांना बजावलं होतं, "काकू, रोज आरशासमोर उभं राहायचं. गाल फुगवा, भुवया उचला, हसा."

न्हाणीघरातला आरसा त्यांना उंच पडायचा. म्हणून रोज सकाळी त्या माझ्यासमोर येत. दीड महिना काहीच घडलं नाही. मग एके दिवशी ओठांचा डावा कोपरा तिळाएवढा हलला. ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. केवढा अभिमान वाटला मला!

त्याच आठवड्यात त्या बिबवेवाडीला बहिणीकडे गेल्या. इकडे तनुजाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला: नवा आरसा घरच्या घरी जुना, राजेशाही कसा करावा. तिने मला गॅलरीत वर्तमानपत्रावर पालथं घातलं. हातमोजे चढवून माझ्या पाठीवरचा रंग खरवडला आणि उघड्या पडलेल्या चंदेरी थरावर ॲसिड शिंपडलं. थर खात खात डाग पसरत गेले. मग त्यावर काळा रंग.

"एकदम मस्त!" ती म्हणाली. मला ओरडायला तोंड नव्हतं.

शालूताई परतल्या आणि बघतच राहिल्या. "नवा आणून जुना केलास? आधी सांगायचंस, माळ्यावरचा फुकट दिला असता."

"आई, फॅशन आहे ही. दिसतंय की सगळं."

कुठलं दिसतंय! बरोबर त्यांच्या ओठांच्या उंचीवर भलामोठा डाग होता. त्या वाकून बघत, टाचा उंचावून बघत. कोपरा रोज जरा जास्त वर जात होता. मला ते कळत होतं, पण दाखवता येत नव्हतं. दहाव्या दिवशी "काही फरक नाही," असं पुटपुटून त्यांनी व्यायामच सोडला. मी भिंतीवर नुसता चरफडत राहिलो.

पुढच्या आठवड्यात अक्षता आली. "काकू, चेहरा सुधारलाय की! मग व्यायाम का थांबवलात?"

"मला तर सुधारणा दिसली नाही."

अक्षताने माझ्याकडे पाहिलं. "यात? यात मला मीसुद्धा दिसत नाहीये."

तनुजाचा चेहरा उतरला. "आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

त्याच संध्याकाळी तनुजाने एक साधा आरसा आणून सासूबाईंच्या उंचीवर लावला. दोन महिन्यांत शालूताई पाहुण्यांबरोबर चहा घेऊ लागल्या. मला आनंद झाला, पण रागही आला. ते काम माझं होतं! खाल्ला गेलेला थर काही पुन्हा चढत नाही.

परवा एक पाहुणे म्हणाले, "वा, काय देखणा आरसा आहे हो!"

शालूताई म्हणाल्या, "हो. त्याच्याकडे बघायचं. त्यात नाही."

मित्रांनो, वस्तू जरूर सजवा. पण तिच्यावर काही ओतण्याआधी एवढं विचारा, की रोज सकाळी तिच्यासमोर कोण उभं राहतं?