दोनदा पडलेल्या तसबिरीची बाजू

“पोरीचा पायगुण काय बरा न्हाय, गणपा.”

गणपतरावांची थोरली बहीण चिमणाबाई हे बोलली तेव्हा मी पलंगावर पालथी पडले होते आणि नवी सून प्रियदर्शनी आत भाकरी थापत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक केला होता. पण कोल्हापूरकरांचा बारीक आवाज शेजारच्या घरालाही पुरतो.

मी कळंब्यातल्या या घरातली तसबीर बोलतेय. सागवानी चौकट, पितळी कोपरे, वजन सहा किलो. माझ्यात गणपतरावांचे वडील पिराजी फेटा बांधून बसलेत. वीस वर्षं मी एका सैल तारेवर सुखानं लोंबकळले. लग्नासाठी घर रंगवलं, तेव्हा गंजकी तार गेली आणि सुतळी आली. सैल दोरी गणपतरावांना बघवेना. आबा जन्मात कुणापुढं सैल पडले न्हाईत, असं म्हणत त्यांनी ती करकचून आवळली. सून घरात आली त्या संध्याकाळी मी पडले. मग नवी सुतळी, आणखी ताठ. काल पुन्हा पडले.

सुतळीला कुणी काही विचारलं नाही. राजारामपुरीतल्या एका क्लासनं प्रियदर्शनीला सोमवारपासून फिजिक्स शिकवायला बोलावलंय. तिला जायचंय. चिमणाबाईंचं म्हणणं, असल्या पायाची सून वर्षभर तरी कामाला बाहेर धाडू नका. गणपतराव मान डोलवत होते.

ही पोर बोलत नाही, बाण काढते. कुठल्या वस्तूला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, त्याचे बाण. परातीतल्या पिठात बोटानं पाण्याच्या घागरीचे काढते, गाडीच्या हुकाला अडकवलेल्या दुधाच्या किटलीचे काढते. परवा एका लग्नपत्रिकेमागं तिनं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या चिमणाबाई काढल्या. खाली जाणारा बाण कागदात मावला नाही. पिराजींची मिशी हलल्याचा मला भास झाला.

आज दुपारी तिनं माझ्याच पाठीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिल टेकवली. गुदगुल्या झाल्या. एक बाण खाली, माझ्या वजनाचा. दोन दोरीवरून वर, तिरके. सैल दोरीचे बाण आखूड. दोरी जसजशी ताठ, तसतसे बाण आडवे होत लांबत गेले. शेवटी तिनं आकडा लिहिला. दोरीवर सतरा किलोचा ताण! मला माझीच दया आली.

संध्याकाळी गणपतराव तिसरी सुतळी घेऊन आले आणि माझ्यावर गुडघा रोवून आवळू लागले. चिमणाबाई माझ्या खिळ्याखालच्या खुर्चीतून अजून ओढ, अजून ओढ करत होत्या. मी हात जोडले असते, पण चौकटीला हात कुठले?

प्रियदर्शनी दारातून पुढं आली. सासऱ्यांच्या हातातली सुतळी तिनं काढून घेतली, माझ्या पाठीवरच्या एकेका बाणावर बोट ठेवलं. मग बोलली, आणि आवाज अजिबात बारीक नव्हता.

“मामा, दोरी ताठ हाय म्हणून तुटतीया, माझ्या पायानं न्हाय. आता मी बांधते, सैल. सोमवारी सकाळपर्यंत तसबीर भिंतीवर ऱ्हायली, तर मी क्लासला निघाले. आणि आक्का, तवर तुमची खुर्ची तसबिरीच्या खालीच ऱ्हाऊ द्या. एवढी खात्री हाय मला.”