ह्यांचा कोट

शहर पेटलं होतं आणि आमच्या ह्यांना घड्याळांचं संग्रहालय बघायचं होतं. हॉटेलवाल्याने परोपरीने सांगितलं, आज मोर्चा आहे, लोक सरकार पाडायला निघालेत, बाहेर पडू नका. हे म्हणाले, "त्यांचं सरकार, ते बघून घेतील. आपण काय रोज रोज येणार आहोत इथे?" स्वतःच्या सोसायटीच्या सभेला कधी तोंड न दाखवणारा हा माणूस नाश्ता संपेपर्यंत परक्यांच्या राजकारणावर अक्कल पाजळत होता.

संग्रहालयाला अर्थातच टाळं. ह्यांनी टाळ्याचाही फोटो काढला. मग आम्ही चौकातल्या कॉफीच्या दुकानात शिरलो. सहलीसाठी घेतलेला नवा कोट ह्यांनी सुरकुती पडणार नाही अशा बेताने खुर्चीच्या पाठीवर टांगला. मला ठेच लागली तर "बघून चाल" म्हणणारे हे, कोटावर थेंब पडला की कासावीस होत होते. कोट माझ्या हवाली करून हे बाथरूमला गेले.

तेवढ्यात दार ढकलून एक मुलगी आत आली. पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्याने नखशिखांत भिजलेली, विशीचीही नसेल. मागे रस्त्यावर बूट वाजत होते. तिने दुकानभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी विचारबिचार काही केला नाही. ह्यांचा कोट तिच्या अंगावर चढवला, ओले केस कॉलरमध्ये कोंबले आणि तिला खुर्चीत बसवलं.

पोलीस आत आला. "ही कोण?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"माझी भाची."

तो तिच्याकडे वळला. तिने तोंड उघडलं असतं तर सगळंच संपलं असतं. म्हणून मीच मराठीत सुटले, "कुठे उलथली होतीस गं? तुझ्या आईला काय सांगू मी? जरा म्हणून अक्कल नाही!"

तिला एक अक्षर कळलं नसणार. पण तिने अगदी घरातल्या पोरीसारखी मान खाली घातली, वर गालही फुगवले. पोलिसाला हसू आलं. तो मागच्या स्वयंपाकघरात शोधायला गेला.

मी डोळ्यांनीच दार दाखवलं. ती उठली. शहाणी पोर, पळाली नाही, चालत निघाली. दाराच्या मुठीवर तिचा हात पडला होता.

"ए! माझा कोट! थीफ! थीफ!"

हे बाथरूमच्या दारात उभे. सबंध सहलीत साधं पाणी मागायलाही मला पुढे करणाऱ्या माणसाला नेमका हाच शब्द खणखणीत सापडला. "अहो, गप्प बसा!" मी ओरडले, पण तोवर पोलीस धावत आला होता.

त्याने तिचा दंड धरला. तिने दुसऱ्या हाताने कोट सोडवला आणि माझ्याकडे दिला. मग तिला नेलं.

"ओला केला की गं!" हे म्हणाले. मी सगळं सांगितलं, अगदी रडून सांगितलं. "मग आधी सांगायचंस ना," असं म्हणून ह्यांनी दुकानदाराकडे इस्त्री आहे का, तेही मलाच विचारायला लावलं. मला त्या क्षणी ह्यांची किळस आली.

आता घरी कुणीही आलं की हे ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. धूर, धावपळ, आणि मधोमध हे. शेवटी म्हणतात, "नशीब, कोट तेवढा वाचला."

"आणि भाची?" मी दरवेळी विचारते.

हे पाहुण्यांकडे बघून हसतात. "कुठली भाची?"