येते म्हणावं

पहिल्याच दिवशी मी बोलणी खाल्ली. डॉक्टरांची नाही, मॅडमचीही नाही, हाडांच्या वॉर्डातल्या एका आजींची. काम आटोपलं होतं. पर्स खांद्याला लावून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, जाते मी." तशी खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली.

"ए मुली! दवाखान्यात उभी राहून जाते म्हणतेस? इथून जाणारे काय कमी आहेत? येते म्हणावं."

अख्खा वॉर्ड हसला. पाय वर टांगून पडलेली बाईसुद्धा हसली. मी तोंडातल्या तोंडात "येते" म्हणाले आणि काढता पाय घेतला. घरी आईही याच शब्दावरून टोकते, पण आईचं ऐकलं न ऐकलं करता येतं. या आजींचं ऐकावं लागणार होतं, कारण त्या माझी पहिली केस होत्या.

केस हा शब्द मला तेव्हा भारी आवडायचा. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी बाहेर पाठवतात. माझ्या वाट्याला हे रुग्णालय आलं. गळ्यात ओळखपत्र, आणि डोक्यात सहानुभूती व समानुभूती यांतला फरक. तो परीक्षेत हमखास येतो, दवाखान्यात मात्र मला कुणी विचारला नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम करायचं त्या रुग्णालयाच्या समाजसेविका, म्हणजे आमच्या मॅडम, एवढंच म्हणाल्या, "बाई बरी झालीय. खाट अडलीय. घरचं कुणी मिळतं का बघ."

बाई म्हणजे बटण आजी. हे नाव सिस्टरांनी ठेवलेलं. आजींनी उभा जन्म एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात घालवला होता. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर धरून त्या संडासापर्यंत चालायलाही लागल्या, पण न्यायला कुणी फिरकेना. तोवर बसल्या बसल्या पेशंटच्या झग्यांची तुटलेली बटणं लावून देत. त्यांच्यामुळे आमच्या वॉर्डातली एकही बाई उघड्या पाठीनं एक्स-रेला जात नसे. "आजींना घरी सोडलं तर माझ्या वॉर्डाची अब्रू जाईल," सिस्टर म्हणायच्या, आणि दुसऱ्या क्षणी मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, "काय गं, कधी होतेय खाट रिकामी?"

मुलगा एकच. त्यानंच आणलं, त्यानंच सही केली, ऑपरेशन होईपर्यंत बाकावर बसून राहिला, आणि त्यानंतर त्याचा फोन जो बंद झाला तो झालाच. पत्त्यावर माणूस पाठवला तर दाराला कुलूप. मी खाटेशी स्टूल ओढलं, वर्गात शिकवतात तशी जराशी पुढे झुकले आणि विचारलं, "आजी, मुलगा शेवटचं काय बोलला तुमच्याशी?"

"येतो म्हणाला."

त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की पुढे काही विचारायचं मला सुचलंच नाही. तोंडभर हसून मी त्यांचा हात दाबला. मुलगा येणार, आईला नेणार, आणि माझ्या अहवालात पहिलीच केस घरी पोचलेली असणार.

दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत एक वृद्धाश्रम होता. मी स्वतः बघून आले होते. जागा चांगली होती. व्हरांड्यात ऊन यायचं, एका खोलीत शिलाईची मशीनं होती आणि म्हाताऱ्या तिथं भांडत, हसत उशांचे अभ्रे शिवायच्या. तिथली एक जागा नेमकी तेव्हा रिकामी झाली. मॅडमनी आजींसाठी शब्द टाकला. त्या लोकांना उत्तर लगेच हवं होतं. हे जमलं नाही तर दुसरीकडे होता शहराबाहेरचा सरकारी निवारा. तिथं जागा केव्हाही मिळते. का मिळते ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आजींना आश्रमाचं सांगितल्यावर त्यांनी सुई झग्यात टोचून ठेवली. "म्हणजे मी तिकडे जाऊन बसायचं, आणि तो इकडे आला तर? रिकामी खाट बघून काय समजेल तो? दवाखान्यातली रिकामी खाट, बाई. जागच्या जागी बसेल."

मला ते शंभर टक्के पटलं. तशीच मॅडमच्या खोलीत गेले. "आश्रमाला नाही कळवूया. मुलगा येणार आहे. तसं सांगून गेलाय तो."

"काय सांगून गेलाय?"

"येतो म्हणालाय. निघताना."

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "निघताना," त्या म्हणाल्या. "तुझी खात्री आहे ना? आजींची आहे, ते मला माहीत आहे. तुझी आहे का?"

मी मान डोलावली. या बाईला आता कशातच चांगलं दिसत नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं. ती जागा संध्याकाळच्या आत शेजारच्या वॉर्डातल्या दुसऱ्या एका म्हातारीला मिळाली.

मुलगा आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. राउंडला आलेले डॉक्टर आजींकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. "समाजसेवा काय म्हणतेय?" असं विचारायचे, जशी काही मी एकटीच ती खाट धरून बसले होते. दरवाज्यात कुणाचीही चाहूल लागली की आजी मान उंचावत. मीही उंचावायचे. नंतर नंतर त्या दरवाज्याकडे बघेनाशा झाल्या आणि मी एकटीच बघत राहिले.

एका सकाळी वॉर्डातल्या मावशी चादरी बदलत होत्या. धुलाईहून आलेला गठ्ठा नुकताच उतरला होता. आजींनी आपली चादर हातात घेतली, घडीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मलाच सांगावं तसं म्हणाल्या, "आज सकाळपाळी होती वाटतं त्याची."

"कुणाची?"

"त्याचीच की. दवाखान्याचे कपडे धुतात ना, त्या कारखान्यात असतो तो. हा बघ, कोपरा आत दुमडलाय. मी शिकवलंय तसं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो आजी! हे आधी नाही का सांगायचं?"

"आणि तुम्ही तिथं जाऊन चारचौघांत त्याची शोभा केली असती. नको. कामावर मान खाली घालावी लागते माणसाला." मग चादर मांडीवर ठेवून हळूच म्हणाल्या, "तो येत नाही, पण चादर येते. माझं भागतं."

माझं भागणार नव्हतं. दुपारी गठ्ठा न्यायला गाडी आली, तिच्यातच बसून मी गेले. रस्ताभर मी भाषण जुळवलं. फार चांगलं जुळलं होतं. त्यात आईची माया होती, मुलाचं कर्तव्य होतं आणि शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कारखान्यात वाफेनं समोरचं दिसत नव्हतं. मोठाल्या लाटण्यांसारख्या तापत्या रुळांमधून ओल्या चादरी आत जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं कोरड्या होऊन बाहेर येत होत्या. मुकादमानं एकाला बोटानं बोलावलं. तो पुढे आला. चाळिशीतला, वाळलेला, हातांची कातडी पाण्यात राहून पांढरी पडलेली. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून त्यानं आधी एकच विचारलं.

"गेली?"

"नाही, नाही! चांगल्या आहेत. चालतात आता वॉकर धरून."

त्याचा चेहरा पडला. लगेच सावरला, पण पडला होता, आणि मी तो पाहिला होता. माझं भाषण तिथंच संपलं.

आम्ही बाहेर, रिकाम्या ढकलगाड्यांपाशी उभे राहिलो. तो एकदम बोलायला लागला, कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखा. "चौथ्या मजल्यावर खोली आहे, ताई. संडास खाली, आवारात. बायको पहाटे कामाला बाहेर पडते, माझी पाळी कधी कशी, पोरगी शाळेत. आईला खालीवर कोण करणार? मागच्या वेळी एकटी उतरायला गेली म्हणून तर पडली. पुन्हा पडली तर? मीच मारली असं होईल ना ते?" मग ओले हात पँटला पुसले. "मी नालायक आहे असं लिहा तुमच्या कागदात. लिहा, मी सही करतो."

"एकदा येऊन भेटलात तरी..."

"आलो होतो. दारापर्यंत. बटण लावत बसली होती. शेजारणीशी हसत होती. घरी इतक्यात कधी हसली नव्हती, ताई. तसाच मागे फिरलो."

मला राग आला. त्याचा आला, त्या चार मजल्यांचा आला, त्याला काही उत्तर देता येईना म्हणून स्वतःचाही आला. मी चढ्या आवाजात म्हणाले, "पण तुम्ही त्यांना शब्द दिला होता! येतो म्हणाला होतात. त्या एका शब्दावर त्यांनी चांगली जागा सोडली."

तो खरोखरच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, मनापासून.

"येतो म्हणालो? कधी? निघताना?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "अहो ताई, निघताना माणूस येतो म्हणणार नाही तर काय म्हणेल? आईला जातो म्हणू?"

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. ज्या शब्दासाठी पहिल्या दिवशी बोलणी खाल्ली, जो रोज संध्याकाळी दारात उभी राहून मी स्वतः म्हणत होते, तोच मी वचन समजून मॅडमपुढे ठेवला होता. मराठी माझी मातृभाषा आहे, हे सांगायला तोंड राहिलं नाही.

आत घंटा झाली. त्यानं खिशातून फडकं काढून तोंड पुसलं. "बरं, येतो मी," तो म्हणाला आणि वाफेत शिरला. आपण आत्ता काय बोललो ते त्याच्या गावीही नव्हतं.

परत आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता चांगली खरडपट्टी निघणार. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "खोटं सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळं एकदम ओतायचंही नाही. त्या विचारतील तेवढं सांग."

मी स्टुलावर बसले. या वेळी पुढे झुकले नाही.

"भेटला?" आजींनी विचारलं.

"भेटले."

"वाळलाय?"

"थोडे."

"हात?"

"पांढरे पडलेत. पाण्यानं."

"तेल लावायला सांगते, ऐकत नाही." त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोनदा हुकला. मी हात पुढे केला, त्यांनी दिली नाही. "घराचं काही बोलला?"

"जिने फार आहेत म्हणाले."

"आहेतच." दोरा ओवला गेला. गाठ मारून झाल्यावर, नजर सुईवरच ठेवून त्यांनी विचारलं, "आणि निघताना? निघताना काय म्हणाला?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलवेना. दोन्ही एकच निघालं.

"येतो म्हणाले."

आजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी डोळे खाली केले, आणि तेवढं त्यांना पुरलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मीच लावलीय सवय. लहानपणी जातो म्हणाला की चापट द्यायचे तोंडावर." मग बटण लावलं, दोरा दातानं तोडला. "आता मिळेल त्या जागेचं बघ. इथं किती दिवस खाट अडवायची."

निवाऱ्याची गाडी आली त्या दिवशी सिस्टरांनी आजींची वेणी घातली. मावशींनी पिशवी भरली. पिशवीत काय होतं म्हणाल तर दोन लुगडी, सुयांचं पाकीट आणि बटणांची डबी. मी वॉकर धरून त्यांच्या शेजारी चालले. तो व्हरांडा संपूच नये असं वाटत होतं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हणाले, "आजी, मी येईन हं तिकडे, अधूनमधून."

त्या थांबल्या. वॉकरवरचा एक हात उचलून त्यांनी माझ्या तोंडावर ठेवला. चापट नव्हती. नुसता ठेवला.

"नुसतं म्हणू नकोस, बाई."

चालकानं त्यांना उचलून आत बसवलं, वॉकर मिटून पायांशी टाकला. दार लावण्याआधी आजींनी पदर नीट केला आणि माझ्याकडे वळून, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "जाते गं."

आजी, येते म्हणावं, येते म्हणावं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण कशाच्या जोरावर म्हणू? गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

संध्याकाळी पर्स घ्यायला वॉर्डात गेले. खिडकीजवळच्या खाटेवर नवी पेशंट आली होती. मावशी तिची चादर खोचत होत्या, कोपरा आत दुमडलेली. मी निघाले तशी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, रोजच्या सवयीनं. मी काही न म्हणता दाराबाहेर पडले.