पाऊण तास

माझं वजन ब्याण्णव किलो. व्यायामाने जाड माणसांच्या पोटातले जंतू बदलतात का, याचा अभ्यास परळच्या एका हॉस्पिटलात चालू होता, त्यात मी नाव दिलं. तीन महिने रोज संध्याकाळी तिथे जाऊन पाऊण तास व्यायामाची सायकल मारायची, खाणं आहे तेच ठेवायचं. सुरुवातीला आणि शेवटी शौचाचा नमुना द्यायचा. चाळीच्या सामायिक संडासात तो डबा पदराखाली लपवून नेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण नेला.

हॉस्पिटलचं काम म्हटल्यावर घरात कोणी हूं की चूं केलं नाही. नवरा, गौतम, स्वतःचा चहा स्वतः करायचा. सासूबाई भाजी निवडून ठेवायच्या.

शेवटी वजन उतरलं अर्धा किलो. तरी डॉक्टरीणबाई खूश. "चांगले जंतू वाढलेत, रुपालीताई. रक्तातली साखरही उतरली. व्यायाम सोडलात तर सगळं परत जाईल."

दुसऱ्या दिवशी चालायला जायचं म्हणून मी बूट घातले. गौतम म्हणाला, "आता कुठे? संपलं ना ते? चहा टाक." सासूबाईंनी मेथीची जुडी पुढ्यात सरकवली. "एवढं करून अर्धा किलो!"

मी बूट काढले.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. जंतू होते तिथेच परत. डॉक्टरीणबाई चिडल्या. "स्वतःसाठी पाऊण तास काढता येत नाही तुम्हाला?"

म्हटलं, "मॅडम, दुसरा अभ्यास काढा. आमच्या घरात जंतूंसाठी वेळ मिळतो."