वरचे दोन पखवाज

अन्वरभाईंनी पखवाजाच्या लाकडी गट्ट्यावर हलकी हातोडी मारली, कातड्याच्या पुडीवर बोट वाजवून कान दिला आणि पुन्हा मारली. सूर अजून केसभर खाली होता. समोर त्यांची लेक सदफ डाव्या हातात पेन धरून वहीवर वाकली होती. वडिलांची ठोकठोक संपेना, तेव्हा तिने मधेच सांगून टाकलं.

"बावन्न नवे नग, अब्बा. गेल्या मार्चअखेर पन्नास होते."

हातोडी थांबली.

"म्हणजे किती टक्के?"

"चार."

अन्वरभाईंनी मान हलवली आणि हातोडी उगीचच फडक्याने पुसली. बोलणं दहाचं झालं होतं. वर्षापूर्वी सदफ बी.कॉम. झाली आणि दुकानातच बसायचं म्हणाली, तेव्हा त्यांनी कुठेतरी ऐकलेला एक आकडा तिच्यापुढे टाकला होता: वर्षात धंदा दहा टक्के वाढव, मग बस, नाहीतर मामू सांगतात ती धुळ्याची नोकरी धर. चाळीस वर्षांत धंदा कधी दहा टक्के वाढला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. लेकीने कातड्याच्या वासात आणि पुडीवर चढवायच्या काळ्या शाईच्या काजळीत दिवस काढू नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वाढणार तरी कसा? नशिराबादच्या या दुकानाची रीतच तशी होती. नवा पखवाज आधी एखाद्या देवळात सात दिवस वाजायचा. वाजवणाऱ्याचा हात त्यावर रमला तर पैसे, नाहीतर पखवाज परत. अन्वरभाईंच्या वडिलांनी घातलेली ही रीत मोडायला सदफही तयार नव्हती. तिने वर्षभर भजनी मंडळांना फोन केले, पत्ते जमवले, पखवाजांचे फोटो पाठवले. त्यातून झाले चार टक्के.

शेजारचा चहावाला बन्सीलाल कप ठेवता ठेवता म्हणाला, "बाजार अर्धा टक्का चढला की टीव्हीवाले नाचतात. आणि इथे चार टक्के चढून बापलेकी तोंड पाडून बसलेत."

सदफ हसली. मग म्हणाली, "दुरुस्तीची कामं धरली तर अकरा होतात. पण आपलं बोलणं नव्या नगांवर झालं होतं."

ती हे लपवू शकली असती, किंवा उलट यावरच अडून बसू शकली असती. दोन्ही न करता तिने वही मिटली. धुळ्याला सोमवारी हजर व्हायचं होतं.

रविवारी सावद्याला रामनवमीच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. अन्वरभाई दरवर्षी जात. वीणेकऱ्याच्या मागे, मंडपाच्या तिसऱ्या खांबाशी त्यांची जागा ठरलेली, आणि तिथे दुसरं कुणी बसत नसे. सकाळी दहालाच मंडप गच्च भरला होता. जीवराम महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडायला घेतल्या. कुणाची भाकरी, कुणाचं ताक, कुणा गरिबाचं नुसतंच लोणचं. लोणचंवाला पोरगा शिदोरी पाठीमागे लपवतो आणि देव नेमका तिलाच हात घालतो, असं महाराज गाऊन सांगत होते. बायाबापड्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. मग टाळ उठले. पखवाजावर पुना बसला होता, शिरपूरकडचा, मोठ्या हाताचा माणूस. त्याची पहिली थाप पडली.

अन्वरभाईंनी डोळे उघडले.

पखवाज त्यांच्याच दुकानचा होता, बांधणीवरून शंका नव्हती. पण आवाज त्यांचा नव्हता. त्यांच्या हातची शाई भारदस्त बोलायची. पुतण्या साकिबची कोरडी, टणक. ही थाप पडल्यावर सूर लगेच जात नव्हता. निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्याने दारात आणखी चार शब्द बोलावेत, तसा रेंगाळत होता. सगळं कीर्तनभर अन्वरभाईंनी तेवढंच ऐकलं. गजर टिपेला गेला, लोक उभे राहून नाचू लागले, तेव्हा तेही उभे राहिले. मांडीवरचा हात मात्र ठेका धरूनच होता.

दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. गर्दी ओसरल्यावर ते पुनाजवळ जाऊन बसले.

पुना आपल्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, बठ्ठा लोक इचारतस, हाऊ कोना हात शे. मी सांगस, अन्वरभाऊना."

"कधी नेलास हा?"

तुमच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्या पंधरवड्यात, असं पुनाने सांगितलं. साकिबने आणून दिला होता. त्याच आठवड्यात फैजपूरच्या कमलबाईंच्या मंडळानेही एक नेला.

अन्वरभाईंनी पखवाज मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला आणि शाईच्या कडेवरून बोट फिरवलं. शाईचे थर चढवताना दगडाने घोटावं लागतं, आणि घोटणाऱ्या हाताचा फेर मागे राहतोच. त्यांच्या घराण्यातला फेर नेहमी एकाच बाजूने जायचा. हा उलटा गेला होता. डावखुऱ्या हाताचा.

त्यांच्या घरात बायकांनी शाई वाटायची, लावायची पुरुषांनी. त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण गोल. डोळ्यामुळे पंधरा दिवस ते दुकानात बसले नव्हते. तेवढ्यात हे दोन पखवाज कुणी केले नसते, तर यंदाही पन्नासच झाले असते.

"मंग कोना हात शे?" पुनाने विचारलं.

"घरनाच शे," अन्वरभाई त्याच्याच बोलीत म्हणाले आणि पहिल्यांदा मोकळं हसले.

दुपारी ते घरी आले तेव्हा सदफची बॅग ओट्यावर भरून उभी होती. साकिब दारात कातड्याची वादी ओलवत बसला होता. काकांचा चेहरा बघून त्याने मान खाली घातली आणि हसू दाबलं. अन्वरभाईंनी काल्याचा द्रोण सदफच्या हातात दिला आणि आत दुकानात गेले. बराच वेळ काहीतरी सरकवल्याचा आवाज येत राहिला.

ती डोकावली. वडिलांनी स्वतःचा पाट भिंतीकडे ओढला होता. खिडकीशी दुसरा पाट मांडून त्यापुढे शाई न लावलेल्या कोऱ्या पुडीचा एक पखवाज ठेवला होता, आणि आजोबांचा घोटायचा काळा दगड ते बाहीने पुसत होते.

"तू इथे बस," ते म्हणाले. "डावखुऱ्याला उजेड उजवीकडून लागतो."

सदफ द्रोण हातात धरून उभीच राहिली.

"अब्बा, चारच टक्के झालेत."

"ऐकले मी ते आज, मंडपात," अन्वरभाई म्हणाले, आणि दगड तिच्या डाव्या हाताला येईल असा ठेवला.