पिचवरची खुर्ची

"ताई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. मॅच इथं होणार नाही, बाळा."

मुलुंडमधल्या बंद पडलेल्या दगडखाणीमागच्या मैदानात, भर पिचवर, जानकी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली होती. मैदानाला लागूनच खाणीतून निघालेल्या माती-मुरमाचा डोंगराएवढा ढिगारा होता. त्याची देखरेख ही तिची नोकरी. वर चढायचं, कुठं पाणी तुंबलंय का, भेग पडलीय का ते पाहायचं आणि कंपनीला कळवायचं. आज सकाळी माथ्यावर तिला ताजी भेग दिसली होती, हात आत जाईल एवढी रुंद. खाली मैदानाकडच्या बाजूनं ढिगाऱ्याचं पोट फुगलं होतं. तिनं लगेच साहेबांना फोन लावला. "आज रविवार आहे हो, उद्या बघू," साहेब म्हणाले.

पण फायनल आजच होती. मांडव नेमका त्या फुगवट्याखाली, आणि सामने भरवणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ, बाळा.

"किती राबलोय गं मी यासाठी! पाहुणे निघालेत घरून. दोन तासांचा तर प्रश्न आहे ना."

"खाली यायला ढिगाऱ्याला दोन तास लागत नाहीत."

"आणि नाहीच आला तर?"

"तर बरंच झालं."

"माझी वाट लागेल त्याचं काय?"

जानकीनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"उचला रे बाईला खुर्चीसकट!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. दोघंतिघं पुढं सरसावले. बाळा आडवा आला.

"हात नाय लावायचा तिला!"

मग त्यानंच माइक घेतला आणि फायनल रद्द झाल्याचं सांगितलं. तिच्या बाजूनं जाताना तो थांबला. "आज भाऊ घालवलास तू," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जानकी कंपनीच्या कचेरीत ठाण मांडून बसली, तेव्हा कुठं पोकलेन आलं. माथ्यावरचा भार उतरवला, पाण्याला वाट करून दिली, पायथ्याशी दगडांचा बांध घातला. ढिगारा कोसळला नाही. वस्तीत मात्र लोक म्हणू लागले, "बघा, काय झालं? उगाच खेळाचा विचका केला बाईनं." बाळा तिचा फोन उचलेना.

भाऊबीजेला तिनं त्याच्या आवडीच्या ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. दिवेलागण झाली तरी तो आला नाही. शेवटी ती ताट घेऊन गॅलरीत गेली आणि समोरच्या टॉवरवर टेकलेल्या बारीक चंद्रकोरीला ओवाळू लागली.

शेजारची शीतल कपडे काढायला बाहेर आली होती. "चंद्राला काय ओवाळतेस गं? तुला भाऊ आहे ना?"

"आहे ना," जानकी म्हणाली. "चांगला धडधाकट आहे."

वाऱ्यानं ज्योत आडवी झाली, तसा तिनं हात आडोशाला धरला आणि ओवाळणं पुरं केलं. मग करंज्यांचा डबा शीतलच्या हातात देऊन ती झोपायच्या तयारीला लागली. सकाळी लवकर ढिगाऱ्यावर जायचं होतं.